रंगाचा एक हात

१

माणूस रंगवायचा तर आधी उघडा रंगवावा आणि मग त्याला कपडे घालावेत. आपण सकाळी ज्या क्रमाने कपडे चढवतो त्याच क्रमाने. आधी कातडी, मग सदरा, मग अंगरखा, मग कमरेचा पट्टा आणि सगळ्यात शेवटी हातातलं हत्यार. उलटं गेलं की गळ्याशी आणि मनगटाशी रंग सांडतो आणि शिपाई पंगतीत बरबटून उठल्यासारखा दिसतो.

हा माझा पहिला नियम. दुसरा नियम असा की डोळे रंगवायचे नाहीत.

माझे शिपाई जेमतेम इंचभर उंचीचे असतात, ओतीव धातूचे. टेबलावर मांडले की बघणारा हातभर लांब उभा असतो. हातभरावरून इंचभर माणसाचे डोळे कुणाला दिसतात? खोबणीत पातळ तपकिरी रंगाचा एक थेंब सोडायचा. सावली पडते आणि उरलेलं काम बघणाऱ्याचं मन करतं. जे हौशी लोक डोळे काढायला जातात त्यांचे शिपाई तीन दिवस पोट साफ न झाल्यासारखे बघतात. हे वाक्य मी आमच्या ग्रुपमध्ये इतक्यांदा ऐकवलंय की आता कुणी हसत नाही.

मी जितेंद्र. बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बावीस वर्षं दादरच्या एका लॅबमध्ये लोकांचे दात बनवले, कवळ्या, कॅप, ब्रिज. शेजारच्या दाताशी रंग असा जुळवायचो की पेशंटच्या बायकोलाही कळू नये. मग उजवा हात थरथरायला लागला. लॅबमध्ये सांगितलं की पाठ दुखते, आणि घरी बसलो. बायको, संपदा, वसईच्या एका शाळेत शिकवते. दिवसभर घरात मी आणि माझी दोन सैन्यं असतो. १७३९चा वसईचा वेढा, मराठे एका बाजूला, फिरंगी दुसऱ्या. रविवारी तीन-चार मित्र जमतात, हॉलमध्ये सहा फुटी टेबल लागतं, फासे पडतात आणि आम्ही तोच किल्ला पुन्हा पुन्हा घेतो.

संपदा ह्याला बाहुल्यांचं लग्न म्हणते. माझा दुसरा नियम ऐकून ती एकदाच म्हणाली होती, "नाचता येईना अंगण वाकडं." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो.

२

शरदचंद्रकाकांना आमच्याकडे धवलने आणलं होतं. धवल म्हणजे आमच्यातला फिरंग्यांचा सेनापती, दर रविवारी हरणारा. काका निर्मळचे, केळीची आणि मोगऱ्याची वाडी, वय सत्तरच्या पुढे. चपलांच्या जुन्या खोक्यात कापसावर निजवून त्यांनी आपले शिपाई आणले होते.

मी एक उचलला. रंगाचे नुसते थर. अंगरख्याची चुणी दिसेना, बोटं एकमेकांना चिकटलेली.

"काका," मी म्हणालो, "हे रंगवलेत, की दर दिवाळीला चुना मारलाय?"

सगळे खो-खो हसले. काकाही हसले. "मला एवढंच येतं," म्हणाले.

मग मी भिंग लावलं आणि माझं हसू गेलं. शिपायाला डोळे होते. पांढरं, त्यात काळं, आणि काळ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड. दुसरा उचलला, तिसरा उचलला. एकही वाकडा नाही. पोट साफ न झालेला एकही नाही. केळी उपटणाऱ्या त्या जाड बोटांनी ते काढले होते, आणि शिपाई माझ्याकडे शांतपणे बघत होते. मी हातातला शिपाई पालथा ठेवला. त्याला मत्सर म्हणतात, मला शब्द माहीत आहे.

"डोळे फार बटबटीत झालेत," मी मोठ्याने म्हणालो. "हातभरावरून सोंगं दिसतील."

काकांनी शिपाई एकेक करून पुन्हा कापसावर निजवले. ते नंतर आले नाहीत. भाद्रपदात वारले असं कळलं. डिसेंबरात धवलचा फोन आला.

"जितू, शरदकाकांच्या मिसेसने तुला बोलवलंय. पूर्ण कलेक्शन तुला द्यायचंय. मी बोललो, ह्यालाच का? तर बोलल्या, काका सांगून गेलेत, रंगाची जाण त्या माणसालाच आहे."

मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

३

निर्मळचं देऊळ ओलांडून केळीच्या वाड्यांमधून गेलं की काकांचं घर. सकाळचे अकरा वाजले होते. अंगणात मुलीबाळींची असते तशी लाल स्कूटर, दोरीवर वाळत घातलेली ओढणी. घरामागे बावखल, वाडीला पाणी पुरवणारं इकडचं खोदलेलं तळं. त्याच्या चारी बाजूंना जाळीचं कुंपण घातलेलं होतं, जाळी आता चांगलीच गंजली होती.

जयवंतीकाकूंनी ओसरीवर बसवलं. "रेवा, चहा ठेव गं," त्यांनी आत हाक मारली. पडद्यामागे कपबश्या वाजल्या.

अडीचशेच्या वर शिपाई होते. मी मनातल्या मनात ते सगळे सोलून, नवे रंगवून मांडलेसुद्धा. मग काकूंनी कुंकवाच्या करंड्यातून एक पुडी काढली. आत एक बाई होती. छावणीला पाणी वाहणारी, हिरवं लुगडं, डोक्यावर घडा. तिच्यावर रंग इतरांपेक्षाही जाड होता.

"हिला मात्र धुवायचं नाही," काकू म्हणाल्या. "बाकीच्यांचं काय हवं ते करा. हिला ह्यांनी दर वाढदिवसाला रंगाचा एक हात दिलाय. जुन्यावरच नवा. वर्षभरात तोंड जेवढं बदलतं तेवढंच बदलायचं, जास्त नाही."

"कुणाच्या वाढदिवसाला?"

"रेवाच्या. नऊ जानेवारी. आता तिला सव्वीस पूर्ण होतील. माझ्याच्याने सुईत दोरा ओववत नाही भाऊ, नाहीतर मीच केलं असतं. तुम्ही द्याल ना एवढा हात? मी नऊ तारखेला येईन न्यायला."

देईन म्हणालो. फुकट मिळणाऱ्या वस्तूपुढे माणूस काहीही कबूल करतो.

तेवढ्यात पडद्यामागून चहाचा ट्रे पुढे आला. ट्रे धरलेले तरुण मुलीचे दोन हात, अंगठी, नखांना गुलाबी रंग. काकूंनी उठून ट्रे घेतला आणि हात आत गेले. त्या हातांत काहीतरी चुकलं होतं, पण काय ते घरी येताना, बोळिंजच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा कळलं. बोटांच्या प्रत्येक पेरावर वरून उजेड पडला होता आणि दोन पेरांच्या मध्ये बारीक सावली होती. आम्ही रंगवतो अगदी तशी. त्या ओसरीवर उजेड मात्र बाजूने, अंगणातून येत होता. वर नुसते वासे होते, काळोखे.

बाजूने गाड्या हॉर्न मारायला लागल्या. आपल्या धंद्याचं माणसाला सगळीकडे दिसतं, असं म्हणून मी गाडी काढली.

४

जुना रंग काढायला डेटॉल चांगलं. काचेच्या बरणीत शिपाई बुडवून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने घासायचे. रंग सायीसारखा सुटून येतो आणि खाली धातू चकचकीत निघतो. तीन दिवस आमचं घर दवाखान्यासारखं घमघमत होतं. संपदा रुमाल नाकाला लावून भाजी चिरायची.

पाणी वाहणारी माझ्या टेबलावर दिव्याखाली उभी होती. मी काम करताना ती दिसायची. हळूहळू असं झालं की ती दिसल्याशिवाय दुसरं काही दिसेना. तिला चष्मा होता. इंचभर बाईला, सतराशे एकोणचाळीस सालच्या छावणीत, चष्मा! म्हाताऱ्याला इतिहासाचा गंधही नव्हता. पण त्या चष्म्यामागचे डोळे इतके खरे होते की मी दोनदा भिंग खाली ठेवून उठलो.

त्या दुपारी मी हट्टाने एका धुतलेल्या शिपायाला डोळे काढायला बसलो. पांढरा ठिपका गालावर गेला. पुसला. काळा ठिपका नाकावर गेला. अकरा वेळा पुसला. ती बघत होती.

मी तिला चिमट्यात धरलं आणि बरणीत सोडलं. वाटलं ते सांगतो: फार बरं वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी घासलं तर धातू निघाला नाही. खाली पुन्हा तीच बाई होती, तेच हिरवं लुगडं, घडा, सगळं धडधाकट. फक्त चष्मा नव्हता.

डेटॉल असं एकेक थर सोडवत बसत नाही. ते सगळं एकदम फाडून काढतं. मग म्हटलं, म्हाताऱ्याने प्रत्येक वर्षाच्या थरावर वॉर्निश मारलं असणार, म्हणून थर शाबूत राहिला. हे पटण्यासारखं होतं आणि मी पटवून घेतलं. खालचे डोळेही तितकेच सुंदर होते. मला राग आला. आणि तेव्हाच तो विचार डोक्यात शिरला की हा माणूस पहिल्याच वर्षी असा बसला नसेल. कधीतरी, खाली कुठेतरी, ह्याचाही हात चुकला असेल. तो थर मला बघायचा होता. तो वाकडा डोळा भिंगाखाली धरून बघायचा होता आणि मग मी तिला सोडणार होतो.

बरणीत परत टाकली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "भाऊ, ती नीट आहे ना?"

"एकदम. कापसात ठेवलीय."

"नाही, रेवाचं जरा नवलच. सकाळी उठली आणि म्हणते, आई, मला चष्मा नको, मला स्वच्छ दिसतंय. अंगठीही बोटात फिरतेय तिच्या. तुम्ही धुतलं नाहीत ना तिला?"

"काय काकू! शब्द दिलाय ना मी."

६

रोज एक थर. सकाळी संपदा शाळेत गेली की घासायचो, भिंगाखाली बघायचो, परत टाकायचो. तेवीस वर्षांची. बावीस. एकविसाव्या वर्षी केस आखूड कापलेले होते. एकोणिसाव्याला कपाळावर फोड. डोळे मात्र प्रत्येक थरात बिनचूक. मी तोंडाने शिव्या देत घासायचो.

लॅबमधला व्हर्नियर माझ्याकडे आहे. सवयीने मी तिची उंची मोजली होती, टाचेपासून घड्यापर्यंत साडेअठ्ठावीस मिलिमीटर. आठव्या दिवशी सत्तावीस भरली. रंगाचे थर गेले, तेवढा फरक पडणारच. बाराव्या दिवशी चोवीस भरली. मी व्हर्नियर पुसला, शून्य तपासलं, पुन्हा मोजलं. तेविसावर गेली. रंगाचा थर केसाएवढासुद्धा नसतो आणि धातू डेटॉलमध्ये विरघळत नाही. मी व्हर्नियर खणात टाकला आणि खण लावून घेतला.

काकूंचे फोन येतच होते. आवाज दर वेळी थोडा बारीक.

"आज स्कूटरजवळ गेली आणि रडायला लागली. म्हणे मला चालवता येत नाही. पाच वर्षं वाडीतल्या वाडीत चालवतेय हो!"

पुढे एकदा, "माळ्यावरून शाळेचा गणवेश काढून बसलीय. बरोबर मापाचा होतोय तिला. भाऊ, खरं सांगा."

"काकू, तुम्ही दमलाय. काकांच्या जाण्याचं मनावर घेतलंत. डॉक्टरांना दाखवा."

इतकं गोड मी संपदाशीही कधी बोललो नसेन.

७

जानेवारीच्या पहिल्या रविवारी खेळ झाला. धवल नेहमीप्रमाणे हरला आणि सरबत पीत बसला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शरदकाकांची ती मुलगी, रेवा. बरी आहे का रे?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "कोण रेवा?"

"मुलगी त्यांची. पंचवीस वर्षांची. मला चहा दिला तिने."

"जितू, काय बोलतोस यार. रेवा लहान असतानाच गेली. सात वर्षांची होती. घरामागच्या बावखलात पडली. आम्ही सगळी पोरं बघायला गेलेलो, काकांनीच बाहेर काढलं तिला. त्याच्यानंतर तर त्यांनी ते फेन्सिंग केलं. तुला चहा कोणी दिला मग?"

"कामवाली असेल," मी म्हणालो.

"असेल," धवल म्हणाला, पण तो माझ्या हातांकडे बघत होता. डेटॉलने बोटांची कातडी सोलून निघाली होती.

मुलगी मेली होती, आणि बापाने दर वर्षी तिचं तोंड एका वर्षाने वाढवलं होतं. मला सगळं समजलं. त्या जाड, बटबटीत रंगात एका माणसाने एकोणीस वर्षं काय केलं ते समजलं. जाणत्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. बरणीत तेव्हा दहा वर्षांची उभी होती, दोन वेण्या घातलेली. घडा तिच्या डोक्यापेक्षा मोठा दिसत होता.

पण अजून तीनच थर राहिले होते. आणि चुकलेला डोळा सापडला नव्हता.

८

आठ तारखेच्या सकाळी शेवटचा थर वर आला. सात वर्षांची, केस गालाला चिकटलेले. मी भिंग लावलं आणि मोठ्याने हसलो. रिकाम्या घरात ते हसू मला ऐकू आलं.

डोळे नव्हते. दोन बारीक वाकड्या रेघा, बस्स. पहिल्या वर्षी म्हाताऱ्याला डोळे जमलेच नव्हते! जिंकलो, असं मी खरोखर म्हणालो. मग भिंग थोडं जवळ नेलं. रेघा वाकड्या नव्हत्या. त्या पापण्या होत्या, मिटलेल्या, आणि केस गालाला का चिकटले होते ते मला दिसलं. बापाने तिला पाण्यातून काढलं तेव्हा ती जशी होती तशी त्याने आधी रंगवली होती.

माझ्या दुसऱ्या हातात टूथब्रश होता. हात थरथरत होता. मी फक्त बाजूला ठेवायला गेलो, एवढंच. ब्रशचे केस तिच्या तोंडावरून गेले आणि तो थर इतका सैल होता की एका फटकाऱ्यात निघून आला. खाली धातू होता, चकचकीत, नाक-डोळ्यांचे नुसते उंचवटे.

फोन वाजला.

"भाऊ, रेवा सकाळपासून घरात नाही." काकूंना धाप लागली होती. "सगळी वाडी बघितली. बावखलाची जाळी तुटलीय एका बाजूला, आणि तिथे..." मग एकदम ओरडल्या, "तुम्ही काय केलंत?"

मी फोन ठेवला आणि रंगवायला बसलो. आयुष्यात इतक्या घाईने कधी रंगवलं नव्हतं. करड्या अस्तराचा हात सगळीकडे दिला, हेअर ड्रायरने वाळवला. आधी कातडी. चेहरा मला पाठ होता, एकोणीस वेळा बघितला होता. मग हिरवं लुगडं, घडीवर फिकट हिरव्याची रेघ. बोटांच्या पेरांवर वरून उजेड. समोरची बाजू पुरी केली, पाठ उद्यासाठी ठेवली. आणि मग डोळे.

पांढरा ठिपका गालावर गेला. पुसला. नाकावर गेला. पुसला. तासाभराने तिच्या तोंडावर ओरखडे दिसायला लागले. तेव्हा मला जे काही येतं ते मी केलं. तपकिरी रंग पातळ केला आणि दोन्ही खोबणींत एकेक थेंब सोडला. सावली पडली. हातभरावरून अगदी छान दिसत होतं.

दुपारी चारला फोन आला. काकू रडत होत्या, हसत होत्या. "सापडली भाऊ! बावखलाच्या पायरीवर बसलेली. भिजलीसुद्धा नाही." मग म्हणाल्या, "उद्या आम्ही दोघी येतो."

९

आज नऊ तारीख. दुपारी तीनला बेल वाजली. मी दार उघडलं.

काकूंनी मुलीचा हात धरला होता. सात वर्षांची, हिरवा फ्रॉक. आमच्या जिन्यात उजेडासाठी एक झरोका आहे तो खालच्या बाजूला, पण तिच्या फ्रॉकच्या प्रत्येक घडीवर वरून उजेड होता, फिकट हिरवा. तो हिरवा माझा होता. मी तो कालच दोन बाटल्यांतून मिसळला होता.

"काकांना नमस्कार कर," काकू म्हणाल्या.

तिने दुसरा हात पुढे केला, चाचपडत. दाराची चौकट लागली, मग भिंत लागली. मग तिने तोंड वर केलं. मी दोन पावलं मागे सरकलो, हातभर अंतर पडावं म्हणून. हातभरावरून ती चांगली दिसत होती, कुठल्याही पोरीसारखी, डोळ्यांवर झाडाची सावली आल्यासारखी. जवळून काय होतं ते मी सांगणार नाही. तपकिरी रंग खोबणीत कडेला थोडा साठतो आणि वाळताना तिथे एक कड राहते. ती कड होती.

"घरात नेऊन बसवा तिला," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. "लहान झाली, त्याचं काही नाही. दरवर्षी एक हात दिलात की वाढेल. पुन्हा एकोणीस वर्षं. तेवढी तुम्ही जगाल. पण आज डोळे द्या."

"काकू, माझा हात थरथरतो." हे मी संपदालाही कधी सांगितलं नव्हतं. "म्हणून मी डोळे काढत नाही. मला येतच नाहीत."

"ह्यांचाही थरथरायचा. पहिल्या वर्षी मिटलेलेच काढले त्यांनी. ती घरात आली आणि वर्षभर तशीच बसून होती, अंधारात. ते रात्रंदिवस त्या शिपायांवर शिकले. अडीचशे शिपाई कशाला होते असं वाटलं तुम्हाला?" त्यांनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला, मागे मात्र नेला नाही. "शिपायांना मी म्हणूनच तुमच्याकडे पाठवलं, बघून शिकाल म्हणून. आणि तुम्ही त्यांचे डोळे धुतलेत. झाले की फोन करा, न्यायला येते."

त्या जिना उतरून गेल्या. मुलीला हाक मारली नाही, मागे वळून बघितलं नाही.

१०

ती माझ्या मागे सोफ्यावर बसली आहे. मी तिला मागे बसायला सांगितलं, कारण समोर बसली तर मला काम होत नाही. टेबलावर दिव्याखाली ती दुसरी आहे, बोटाच्या पेराएवढी.

पांढरा ठिपका डाव्या डोळ्यात बसला, पण काळा खाली घसरला.

"काका," मागून आवाज आला, "मला फक्त जमीन दिसतेय."

मी थिनरमध्ये बोळा बुडवला आणि पुसलं.

"काका, झोंबतंय."

ती रडत नाही. नुसतं सांगते. दुसऱ्या वेळी काळा नाकाकडे गेला. तिसऱ्या वेळी फुटला. प्रत्येक वेळी ती सांगते काय दिसतंय, आणि मी पुसतो, आणि ती सांगते की झोंबतंय. सातव्या वेळेपासून तिने झोंबतंय म्हणणं सोडलं, फक्त श्वास आत ओढते. ते जास्त वाईट आहे. मी खिडकी उघडली, थिनरचा वास होता म्हणून. खाली सोसायटीत पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आऊट झाल्यावर भांडत होती. मला वाटलं, हाक मारावी. काय म्हणून हाक मारणार?

चौदाव्या वेळी साडेपाच वाजले. संपदाची यायची वेळ. चावी विसरून जाण्याची तिला खोड आहे. बेल वाजली.

"मी उघडते," मुलगी म्हणाली.

सोफ्याची स्प्रिंग वाजली. ती उठली आणि भिंतीला हात लावत दाराकडे निघाली, म्हणजे आता तिची पाठ माझ्याकडे होती. मी वर बघितलं नाही. पाठ मी आजच्यासाठी ठेवली होती आणि अजून तिथवर आलोच नव्हतो. तिथे काय असेल ते मला माहीत होतं, नुसतं करडं अस्तर. बाहेर संपदा म्हणाली, "अहो, उघडताय ना?"

तिला थांबवायला हवं होतं. एक हाक पुरली असती. पण कुंचल्याच्या टोकावर काळा ठिपका तयार होता, हवा तेवढाच, आणि माझा हात त्या क्षणी, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा, अजिबात थरथरत नव्हता. मी श्वास रोखला आणि टोक डोळ्याकडे नेलं.